अकरावं पान

४ मार्च
ऑफिस, जेवणाची सुट्टी

दादा,

हे पत्र तू उघडणार नाहीस, मला ठाऊक आहे. वहिनी उघडेल, ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने वाचेल, आणि तू शेजारच्या खोलीत ऐकत नसल्याचं सोंग करशील. कर सोंग. तुझे कान काही मी शिवलेले नाहीत.

तेरा महिने झाले तू माझ्याशी बोलून. तीन पत्रं गेली, उत्तर नाही. फोन केला की वहिनी म्हणते, "हे झोपलेत." सकाळी अकरा वाजता! एकतीस वर्षं पहाटे चारला भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस अकराला झोपतो म्हणे. निदान पटेल असं खोटं बोलायला तरी शिकव तिला.

आज लिहितेय ते नोटिशीमुळे. तुलाही आली असेल. कपबश्यांचा कारखाना विकला, आता पेन्शन फंडही बंद. एक जुलैपासून ज्याला शंभर मिळायचे त्याला अठ्ठावन्न मिळणार. चारशे बारा माणसं, आणि त्यात तू. शिवाय तुझं नाव वर वेगळ्या चौकटीत छापलंय, 'कामगारांतर्फे विश्वस्त'. परवा दुकानात माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघी बोलत होत्या, भट्टीवाल्याने फंड खाल्ला म्हणून. मी वळून म्हटलं, "बाई, माझ्या भावाला चहात साखर जास्त झाली तर पचत नाही, फंड कुठला पचणार?" त्यांना हसू आलं नाही.

कुणी काही खाल्लेलं नाही रे. पैसे तेवढे नव्हतेच. आहेत असं दिसत होतं.

वहिनी, तुला कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगते. समज, वीस वर्षांनी कुणाला शंभर द्यायचेत. आज किती बाजूला काढायचे? मधल्या काळात ते किती वाढतील त्यावर आहे. वर्षाला आठ टक्क्यांनी वाढतील म्हटलंस तर आज साडेएकवीस पुरतात. सहा टक्क्यांनी म्हटलंस तर एकतीस लागतात. या आठाला नि सहाला आम्ही डिस्काउंट रेट म्हणतो. माणसं तीच, वयं तीच, दिलेला शब्द तोच. दर चढवला की कागदावरचं देणं आकसतं, उतरवला की फुगतं. आणि हा दर कुठे मोजून मिळत नाही. पुढचं कुणाला दिसलंय? तो बसून ठरवावा लागतो.

तुमच्या फंडाचा हिशेब आमच्या ऑफिसकडे, आम्ही आठ ठरवला. फंड भरलेला दिसला. भरलेल्या फंडात मालकाने आणखी भरायची सक्ती नाही, म्हणून त्याने सहा वर्षं दमडी टाकली नाही. पैसे प्रत्यक्षात वाढले साडेपाचने. मग कारखाना विकायची वेळ आली. तुमची पेन्शन अंगावर घ्यायला विमा कंपनीने पाचच्या दराने रक्कम मागितली आणि खड्डा उघडा पडला.

बाजारातले व्याजदर खाली आले ते काय मी दोरी बांधून ओढले? तू सभेत हात वर केलास माझ्या अहवालावर, मी अहवाल लिहिला बाजारावर. रागवायचंच असेल तर बाजारावर रागव. मला एवढंच सांगायचं होतं.

तू ठेवलेलं नाव अजून चालत असेल तर,
तुझी टाचणी


१९ मार्च

दादा,

औषधाच्या दुकानात ग्लेझवाले काका भेटले. ओळखलंच नाही आधी. तीस वर्षं कपबश्या पांढऱ्या रसात बुडवून त्यांची छाती कशी झालीये ते तू जाणतोस. आता चार शब्द बोलले की थांबतात. दुकानदाराला म्हणत होते, पाकीट फोडून अर्धंच दे. दुकानदार म्हणाला, "काका, हे रोज घ्यायचं असतं." काका म्हणाले, "जुलैपासून एक दिवसाआड घ्यायचंय. आत्तापासून सवय लावतो."

मला पाहून हसले. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "तुझे नकोत गं." मग थांबून म्हणाले, "भावाला सांग, त्या सभेत मी हात वर केला तो त्याच्याकडे बघून केला. कागद मला कुठे कळतो? त्याला कळतो, असं वाटलं होतं." आणि गेले. मी डोकेदुखीची गोळी घ्यायला गेले होते, ती न घेताच परत आले.

मागच्या पत्रात मी सगळं बिल बाजाराच्या नावावर फाडलं. ते खरं नाही. म्हणजे अर्धं खरं आहे.

त्या वर्षी मी हिशेब आधी सहाच्याच दराने केला होता. फंड शंभराला सत्त्याहत्तर निघाला, म्हणजे देणं शंभर आणि पैसे सत्त्याहत्तर. आमच्या साहेबांनी तो कारखान्याच्या मालकाला दाखवला, आणि दोन दिवसांनी मालक स्वतः येऊन केबिनमध्ये बसला. मला आत बोलावलं. मालक माझ्याशी फार गोड बोलला. म्हणाला, "तुमच्या सहाने मला दर वर्षी एवढी भर घालावी लागेल की दोन नंबरची भट्टी चालवणं परवडणार नाही. विझवतो. एकसष्ट माणसं आहेत तिच्यावर. बघा बुवा, तुमचा हिशेब तुमच्यापाशी."

दोन नंबरची भट्टी कुणाची, हे त्याला ठाऊक होतं का? असेलच. तो गेल्यावर साहेब म्हणाले, "आठ बसतो का बघा."

बसतो का! दाबून बसवला की कुठलाही दर बसतो. आठ बेकायदा नव्हता, दादा. नियमांनी जो पट्टा आखून दिलाय त्याच्या अगदी वरच्या काठावर होता. म्हणजे कुणी विचारलं तर बोट दाखवायला नियम होता. सहा लिहावा तर तुझी नोकरी जाते, आठ लिहावा तर तुझी पेन्शन लटकते. इकडे आड, तिकडे विहीर. तू तेव्हा एकावन्न वर्षांचा. भट्टीच्या झरोक्यातून नुसता रंग पाहून आच किती ते सांगणारा माणूस, पण त्या एका कामापलीकडे तुला कोण कामावर घेणार होतं? मी आठ लिहिला. तुझी भट्टी आणखी सहा वर्षं पेटती राहिली. त्या सहा वर्षांचा तुझा पगार त्या दोन टक्क्यांतून आला.

तुझ्यासाठी केलं. एकदा तरी कुणीतरी हे ऐकून घ्यावं असं वाटतं.

टाचणी


२ एप्रिल

दादा,

काल वहिनीचा फोन आला. नमस्कार नाही, बरी आहेस का नाही. म्हणाली, "हे विचारतायत, अकरावं पान कुठंय?" आणि ठेवून दिला.

तुला माहीत आहे हे मला तेरा महिने कळत होतं, आणि तरी मी तुला बाजार, मालक, भट्टी असली गाणी ऐकवत होते. विकायच्या वेळी कारखान्याची जुनी कपाटं उघडली, मूळ अहवाल निघाला, त्यात ते पान तू पाहिलंस. त्याच दिवसापासून तुझं तोंड बंद झालं. बरोबर?

लिहिते आता. वहिनी, हे वाचताना मध्ये थांबू नकोस.

आमच्या ऑफिसची रीत आहे, प्रत्येक अहवालात एक पान घालायचं: दर दोनने खाली गेला तर काय होईल. एवढंसं कोष्टक असतं. त्या वर्षीच्या अहवालात ते अकराव्या पानावर होतं. आठला फंड शंभराला शंभर, सहाला सत्त्याहत्तर, पोरालाही कळेल इतकं स्पष्ट. साहेब म्हणाले, "विश्वस्तांच्या प्रतींत हे नको. उगाच घाबरतील. झाकली मूठ बरी." विश्वस्त तीन. दोन मालकाची माणसं, तिसरा तू. मी तिन्ही प्रतींच्या बांधणीच्या तारा उलगडल्या, तेवढं पान काढलं आणि तारा पुन्हा वळवल्या. पानांचे आकडे बदलायचे राहून गेले. दहानंतर एकदम बारा. पेन्शनचे हिशेब मांडायच्या चौदा परीक्षा दिलेल्या बाईने केलेली चूक ही!

मालकाच्या दोघांनी अहवाल उघडलाही नसेल. तू मात्र कपांची खोकी मोजतोस तशी पानं मोजलीस. सभेच्या आदल्या संध्याकाळी कामावरून थेट माझ्याकडे आलास. नखांत पांढरी माती तशीच होती. म्हणालास, "यात अकरा नाहीये गं."

मी म्हटलं, "कोरं पान होतं. छपाईत गळलं."

तू म्हणालास, "बरं." मग चहा अर्धा पिऊन म्हणालास, "हा आठ खरा आहे ना? म्हणजे मला उद्या माणसांना सांगायचंय."

मी म्हटलं, "खरा आहे."

"तू सांगतेस ना, मग झालं."

त्यानंतर तू कपाटाची कुरकुरणारी बिजागरी दुरुस्त करून दिलीस आणि गेलास. मी तुला थांबवू शकले असते. जिन्यात तुझी पावलं वाजत होती तोवर वेळ होता.

आणखी एक आहे. त्याच महिन्यात मला खिडकीची केबिन मिळाली, अहवालावर माझी सही चालू लागली. भट्टीसाठी केलं हे खरं. खिडकीसाठी केलं हेही खरं. त्यातलं कशाला किती टक्के, हे मला आजपर्यंत मांडता आलेलं नाही, आणि मी पोट भरते ते असलंच मांडून.

आता कामाचं. चौकशी बसली आहे. नियम सरळ आहे. विश्वस्ताला ते पान दाखवलंच नव्हतं तर त्याचा दोष नाही. पान पाहून, समजून, तरी हात वर केला असेल तर नुकसानीचा वाटा त्याच्या पेन्शनीतून कापतात. तुझे अठ्ठावन्नही जातील, दादा. हातात काही उरणार नाही. वहिनीच्या गुडघ्यांचं तू काय करणार? माझ्याकडे तुझ्या प्रतीतून काढलेलं अकरावं पान आहे, माझ्या हस्ताक्षरातल्या टिपणासकट. पुढच्या आठवड्यात गुरुवारी ते घेऊन जाते आणि सांगते की मी काढलं, मी खोटं बोलले. माझा परवाना जाईल. जाऊ दे.

तुझी जबानी त्याआधी, सोमवारी आहे. तू काही करू नकोस, फक्त घडलं ते सांग. खरं बोलायला तुला कधी शिकवावं लागलं नाही.

टाचणी


१२ एप्रिल

दादा, हे काय केलंस तू?

काल गेले होते. चौकशी अधिकारी साधा माणूस आहे. टेबलावर पाण्याचा तांब्या, कागदांवर काचेचा गोळा. मी पिशवीतून पान काढलं नव्हतं अजून. नाव सांगितलं तर म्हणाला, "हो हो, तुमच्या भावाची जबानी झाली. फार सरळ माणूस." आणि फाइल माझ्याकडे फिरवली.

तुझी शपथेवरची जबानी. 'माझ्या बहिणीने मला दोन्ही दर समजावून सांगितले होते. अकरावं पान मी सभेआधी वाचलं होतं. सहा धरला तर भट्टी बंद होईल म्हणून मी माझ्या मर्जीने आठला होकार दिला.' पुढे तुझी प्रत. तिच्यात अकरावं पान होतं! दहा, अकरा, बारा. कोपऱ्यात तुझी सही, पहिलं अक्षर मोठं आणि पुढे रेघ.

ते पान बाकीच्या पानांपेक्षा पांढरं होतं. सात वर्षांच्या पिवळट कागदांत एक नवा कोरा झेरॉक्स. अधिकाऱ्याला दिसला नाही. मला दिसला. कपाटातल्या मूळ प्रतीवरून काढलास ना? आणि तारा कुणी वळवल्या, वहिनीने? तिची बोटं तर धड मिटत नाहीत.

मी म्हटलं, "साहेब, हे असं झालं नव्हतं." त्याने चष्मा काढला. "कसं झालं होतं?" मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "बोला. पण विचार करून बोला. ही जबानी खोटी असेल तर शपथेवर खोटं बोलल्याचा आणि पुराव्यात कागद घुसवल्याचा वेगळा खटला होतो. त्याला दंड नाही, कैद आहे."

मी खरं बोलले तर तू तुरुंगात. गप्प बसले तर तुझी पेन्शन जाते आणि नावाला काळं लागतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मालकाच्या दोन विश्वस्तांनी 'आठवत नाही' असं लिहून दिलं आणि सुटले. साहेब मागच्या वर्षीच निवृत्त झाले, त्यांची पेन्शन दुसऱ्या फंडातून येते, आणि तो फंड, आता हसू नकोस, चारच्या दराने मोजलेला आहे. त्यांची एक कवडी कमी होणार नाही.

मी पान पिशवीतच ठेवलं. अधिकाऱ्याने पाणी दिलं, ते प्यायले. बाहेर येऊन पायरीवर बसले.

तिथूनच वहिनीला फोन केला. या खेपेला तिने ठेवला नाही. मी खूप बोलले. ओरडले म्हण. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मी भांडले गं त्यांच्याशी. दोन दिवस जेवले नाही. हे म्हणाले, तिच्या चौदा परीक्षांच्या फिया मी डबल पाळ्या करून भरल्यात. तिचा परवाना गेला तर माझं तेही गेलं. घरातलं एक तरी उभं राहू दे."

मी विचारलं, "मग माझ्याशी बोलत का नाहीत?"

वहिनी म्हणाली, "राग गेलेला नाही त्यांचा. तो वेगळा आहे."

दादा, मला असं वाचवू नकोस रे. मला हे झेपत नाही.


२८ एप्रिल, रविवार

दादा,

आज जे झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी लिहिते, कारण तू मान खाली घालून बसला होतास.

मला वाटलं होतं, शपथेवर नाही बोलता येत तर शपथेबाहेर बोलू. चौकशीला कळायला नको, निदान ज्यांचं नुकसान झालंय त्यांना तरी कळू दे. म्हणून पॅकिंगच्या शेडमधल्या सभेला आले. दोन-अडीचशे माणसं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, आणि तुझ्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन रिकाम्या. ग्लेझवाले काका माझ्या समोरून उठून मागे भिंतीशी जाऊन बसले, तुझ्या रांगेत बसायला नको म्हणून. चालताना दोनदा थांबले.

मी उभी राहिले. म्हटलं, हिशेब मी केला होता. सहाचा दर मला माहीत होता. ते पान मी काढलं. माझ्या भावाने मला विचारलं आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोलले. त्याला काही ठाऊक नव्हतं. शिव्या द्यायच्या त्या मला द्या.

मला वाटलं, संपलं, आता मारतील तरी मला. मग मागून कुणीतरी हसलं. "अगं बाई, त्याने स्वतः शपथेवर लिहून दिलंय की!" दुसरा म्हणाला, "पाठीराखीण आली भावाची." हळूहळू सगळेच हसू लागले. वाईट नव्हते हसत. दया करत होते माझ्यावर.

मी ओरडले, "अहो, खरं सांगतेय मी!"

तेव्हा तू उठलास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "ती खोटं बोलतेय. पान मी वाचलं होतं." आणि मग माझ्याकडे पाहिलंस. चौदा महिन्यांनी. म्हणालास, "घरी जा."

बाहेर बायकांनी मला घेरलं. कपांच्या काठाला सोनेरी रेघ ओढायच्या त्या मावशींनी माझा हात धरला. त्यांची महिन्याची पेन्शन जवळजवळ निम्म्यावर येणार आहे आणि त्या माझाच हात चोळत होत्या. "बहीण असावी तर अशी. भावाने शेण खाल्लं तरी पाठीशी उभी राहिलीस."

मी म्हटलं, "मावशी, शेण मी खाल्लंय."

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. "देव तुझं भलं करो." मग शेडकडे वळून त्यांनी तुझं नाव घेतलं आणि थुंकल्या.

मी काही करू शकले नाही. आणखी काय बोलायचं असतं अशा वेळी? जे होतं ते सगळं बोलून झालं होतं. त्यांनी मला आशीर्वाद दिले आणि तुला शिव्याशाप. दोन्ही मी तिथे उभी राहून ऐकले. नंतर तू मागच्या दाराने निघालास. कुणी बरोबर आलं नाही. मी हाक मारली, तू ऐकलीस; खांदे हलले तुझे. थांबला नाहीस.

तू घरी जा म्हणालास. आले. अजून चपला पायातच आहेत.

पुढचं सांग.